डाळ शिजली, हंसराज करपला

चंदा,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं उरकली, मांडव निघाला, फुलसावंगीकडचे तुझे सगळे नातेवाईक दोन जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तांड्यावर परत गेले. आज सकाळी सवयीनं मी मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहिले, तर तुझ्या बाजूनं कोणी खाकरलं नाही. गेले तेरा दिवस जो येतो तो मला सांगतो की चंदा सिस्टर किती गुणाची बाई, किती शांत, किती समजूतदार. मी मान हलवते, चहा पुढे करते आणि मनात म्हणते, तुमच्याशी ती कधी पाण्यावरून भांडली नाही म्हणून तुम्हाला असं वाटतं.

मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते. भांडण अर्धवट टाकून उठून जायची ही काय पद्धत झाली? तुला सांगायचं एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं. नऊ दिवस तयार होतं. ते मी सांगितलं नाही आणि दहाव्या दिवशी सकाळी तू गेलीस. आता तो राग तुझ्यावर किती काढायचा आणि माझ्यावर किती, हे मला ठरवता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. समोर असतीस तर एव्हाना मधेच तोडलं असतंस, म्हणाली असतीस, विजू, मुद्द्यावर ये.

तर मुद्दा तुझ्या झाडांचा आहे.

आपलं महागाव म्हणजे कापूस, तूर आणि सोयाबीन. एप्रिल लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा गावात निवृत्त झालेल्या बाईनं काय लावावं? तुळस लावावी, मोगरा लावावा, फार तर दारात एक कढीपत्ता. तू उमरखेडच्या नर्सरीतून हंसराज घेऊन आलीस. काळ्या तारेसारखे बारीक देठ, नखाएवढी पातळ पानं, आणि दिवसभर सावली आणि गारवा पाहिजे. त्याच्या जोडीला ती पट्ट्यापट्ट्यांची कॅलेथिया, जी संध्याकाळ झाली की पानं उभी करून मिटते. ही दोन्ही झाडं डोंगरातल्या ओढ्याकाठची. त्यांना तू मांडीवर घेऊन एसटीनं महागावात आणलंस. कंडक्टरनं विचारलं तेव्हा तू म्हणे त्याला सांगितलंस, लेकरू आहे, अर्धं तिकीट लागत नाही याचं.

मी पाहिल्याबरोबर सांगितलं होतं की पंधरा दिवसांत वाळून जाईल. तू हिरवी जाळी बांधलीस, आपल्या दोन अंगणांमधल्या भिंतीला गोणपाट टांगलंस आणि ते दिवसातून चारदा भिजवायला लागलीस. पंधरा दिवस गेले, महिना गेला, एक नवीन पान आलं. ते तू मला भिंतीवरून हाक मारून दाखवलंस. मी म्हटलं, उन्हाळा येऊ दे. माझ्यासारखी शेजारीण असण्यापेक्षा नसलेली बरी, असं तुला कधी वाटलं नाही का गं?

तुझ्या हाताबद्दल मात्र माझी कधी तक्रार नव्हती. गावातली निम्मी पोरं तुझ्या हातून सुई टोचून मोठी झाली. रडणारं पोर आईच्या कडेवर असायचं, तू त्याच्याशी बैलाच्या शिंगांबद्दल काहीतरी बोलत राहायचीस आणि त्याला कळायच्या आत सुई बाहेर यायची. निवृत्त झाल्यावरही लोक तुझ्याकडेच यायचे. दवाखान्यातली नवी सिस्टर चांगलीच होती, पण चंदाबाईच्या हाताला गुण आहे, म्हणायचे. झाडांचंही तेच. तू गुलाबाची काडी खोचलीस की ती लागायची. त्याच झाडाची काडी, त्याच दिवशी, मी खोचली की वाळायची. माझ्या हातून पुदिनासुद्धा मरतो. तू हे सगळ्या गल्लीत सांगितलं होतंस.

म्हणून तुला वाटायचं की झाड म्हणजे हात. आणि मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सारा जन्म काढलेली, परीक्षानळ्या धुणारी, द्रावणं करून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी. मला वाटायचं की झाड म्हणजे पाणी. यावरून आपण किती बोललो याचा हिशोब नाही. दोन बायका भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासतास कशाबद्दल बोलतात, असं आमच्या घरचे विचारायचे. मी म्हणायचे, पाण्याबद्दल. त्यांना ती थट्टा वाटायची.

पहिल्यांदा हंसराजाच्या पानांची टोकं तपकिरी झाली तेव्हा तू स्टीलच्या फिल्टरचं पाणी त्याला घालायला लागलीस. तोच, आत दोन पांढऱ्या कांड्या असतात तो. तुझं म्हणणं सरळ होतं. नळाचं पाणी खराब, फिल्टरमधून काढलं की शुद्ध. "माणसाले चालते, ते झाडाले काहून नाई चालन?" असं तू मला विचारलंस आणि आपलं उत्तर आपणच बरोबर धरून आत निघून गेलीस. मी तुला समजावलं की कांडी गाळ अडवते, जंतू अडवते, पण पाण्यात विरघळलेलं काही अडवत नाही. आणि आपल्या नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले आहेत. तव्यावर पाण्याचा थेंब सुकला की पांढरा डाग राहतो, तोच क्षार. माणसाला त्याचं फारसं काही होत नाही, गुलाब, जास्वंदही सोसून घेतात, पण हंसराजासारख्या नाजूक झाडाच्या कुंडीत तो साठत जातो आणि पानांच्या कडा जाळतो. तुला पटेना. मग मी तुझ्याच डब्यातलं मूठभर मीठ पाण्यात विरघळवलं, तुझ्याच फिल्टरमध्ये वरून ओतलं आणि खालच्या तोटीतून आलेलं पाणी तुला चाखायला दिलं. तू तोंड वाकडं केलंस. मला वाटलं, झालं, पटलं.

तू म्हणालीस, "मंग तू त्यात मीठ कायले टाकलं?"

आणि फिल्टर खारट केल्याबद्दल पुढचे दोन दिवस तू प्यायचं पाणी माझ्या घरून नेलंस. वर माझ्याच माठाला वास येतो म्हणालीस.

नंतर सवितानं नागपूरहून ते आरओचं मशीन पाठवलं. तुझी लेक तुझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. आता मला वाटलं की प्रश्न मिटला, कारण ते मशीन विरघळलेले क्षारही काढतं. आठ दिवसांनी पाहते तर हंसराज आणखीच करपलेला. तू काय करत होतीस? मशीनच्या एका नळीतून गोड पाणी येतं, ते तू पीत होतीस. दुसऱ्या नळीतून फेकायचं पाणी येतं, ते तू बादलीत धरून झाडांना घालत होतीस. मशीनमधून आलं म्हणजे फिल्टरचंच झालं, वाया कायले घालवू, असं तुझं म्हणणं. अगं, काढलेले सगळे क्षार त्याच नळीतून बाहेर येतात. नळाच्या पाण्यापेक्षा ते पाणी जास्त जड. मी त्या दिवशी ओरडले ते समोरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेलं. तू शांतपणे बादली उचललीस आणि त्या पाण्यानं ओटा धुतलास. समजूतदार!

पण त्यानंतर ऐकलंस. रोज सकाळी गोड पाण्याचा एक तांब्या हंसराजाला, एक कॅलेथियाला. वर्षभर काय सुंदर झाली गं ती झाडं. हंसराजाची कुंडी दिसेनाशी झाली. फोटो काढायला लोक यायला लागले. आणि जो येईल त्याला तू सांगायचीस, हाताचा गुण आहे. मी भिंतीपलीकडून म्हणायचे, पाण्याचा. तू म्हणायचीस, मग तूच घाल तेच पाणी तुझ्या पुदिन्याला. घातलं होतं मी, तुला न सांगता. मेला.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पुढचं मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

दिवाळीला सविता आणि जावई आले, तेव्हा तुझ्या नळाच्या तोट्या क्षारांनी पांढऱ्या पडून गच्च झाल्या होत्या आणि गिझर दुसऱ्यांदा जळाला होता. जावयांनी वरच्या टाकीच्या पाइपावर सॉफ्टनर बसवून दिला. उभं निळं टाकं आणि बाजूला एक ड्रम, ड्रममध्ये पांढऱ्या जाड गोळ्या. त्या गोळ्या पाहून तू खूश झालीस. सारी नोकरी तू तांड्यांवरच्या विहिरींत औषधाच्या गोळ्या टाकण्यात घालवली होतीस, पाणी निर्जंतुक करायच्या. तुला वाटलं, याही तशाच. त्या औषधाचा वास उडून जायला बादली रात्रभर उघडी ठेवायची, हे मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. तू बादली रात्रभर उघडी ठेवायला लागलीस. ड्रमच्या झाकणावर काय लिहिलंय ते ना तू वाचलंस, ना मी.

आणि मग तू डाळ शिजवलीस.

बाहेरच्या माणसाला हे सांगून कळायचं नाही, पण आपल्याकडे पाणी कसं आहे ते तुरीची डाळ सांगते. जड पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणादाणा राहते. तुझ्या तांड्यात नवीन विहिरीला पाणी लागलं की तुझी याडी पहिल्यांदा त्या पाण्याची डाळ चढवायची आणि ती शिजली की मगच शेजारपाजारच्या बायका घागरी घेऊन निघायच्या. तुमच्याकडे आईला याडी म्हणतात, आमच्याकडे सासूबाई होत्या, बाकी रीत तीच. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला कोणत्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजते ते आधी सांगितलं आणि देवघर नंतर दाखवलं.

तुझ्या सॉफ्टनरच्या पाण्यात डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. साबणाला फेस आला, तो जाईना. तू वाटीभर वरण भिंतीवरून मला दिलंस. मी भाताबरोबर खाल्लं. काय वरण होतं. तू विचारलंस, "सांग आता, झाडाले हे पाणी घालू का? मशीन एक तांब्या देते न् दोन तांबे फेकते. हे तं नळ सोडला का येते." मी म्हटलं, घाल. इतकं हलकं पाणी आहे, घाल. चंदा, मी म्हटलं घाल. प्रयोगशाळेत जन्म काढलेली मी. पाणी तपासायच्या द्रावणाच्या दोन बाटल्या अजून माझ्या कपाटात पडल्या होत्या. मी वरण खाल्लं आणि निकाल दिला.

संक्रांतीपर्यंत काही दिसलं नाही. नंतर कॅलेथियाच्या कडा कागद जळावा तशा झाल्या. हंसराज आतून वाळायला लागला. तू कुंडी सावलीत सरकवलीस, खत दिलंस, खत काढलंस, गोणपाट दुप्पट केलंस. पाण्याचा तुला संशय येईना, कारण डाळ शिजत होती. मलाही येईना. होळीच्या सुमाराला हंसराजाचा झाडू झाला होता.

त्याच दिवसांत तुझा हात थरथरायला लागला. तू कुणाला बोलली नाहीस, पण मी पाहिलं होतं. चहाची बशी वाजायची. एका पोराला सुई टोचताना तुला दोनदा टोचावी लागली आणि ते पोर रडलं. त्यानंतर तू सगळ्यांना दवाखान्यात जा म्हणून सांगायला लागलीस. एकदा हंसराजाचे वाळलेले देठ कात्रीनं कापताना तू स्वतःशीच बोलावं तसं म्हणालीस, "माह्या हाताचा गुण गेला, विजू. झाडालेबी समजून राह्यलं."

तेव्हाच मी काही चांगलं बोलायला पाहिजे होतं. मी बोलले पण काय? म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नको, आरओचं पाणी घालून पाहा परत. तू चिडलीस. तूच वरण खाऊन चांगलं म्हणालीस, आता तूच बदलतेस, तुझ्या शास्त्राला एक तोंड आहे का, असं काहीसं बोललीस. खरंच बोललीस. खरं बोललेलं मला लागलं. आणि मी म्हणाले, "मंग हातच बिघडला असन तुझा."

तू कात्री खाली ठेवलीस. मी माझ्या घरात निघून आले आणि दार लावून घेतलं.

तो राग तिसऱ्या दिवशी निघून गेला असता. आपला राग तेवढाच टिकायचा. पण तिसऱ्या दिवशी आमच्याकडे सॉफ्टनरवाला आला. आमच्या घरच्यांना तुझ्यासारखंच यंत्र बसवायचं होतं म्हणून त्यांनी बोलावलं होतं. तो चांगला पोक्त माणूस होता, सावकाश समजावून सांगत होता. म्हणाला, बाई, यात महिन्या-दीड महिन्यानं मीठ टाकावं लागते. मी विचारलं, कसलं मीठ? म्हणाला, मीठच, खायचं असते तेच, फक्त गोळ्या करून. मी कप खाली ठेवला. मला एका क्षणात सगळं कळलं.

ऐक, आता तरी मधे बोलू नको. सॉफ्टनर पाण्यातलं काही काढून टाकत नाही, बदलून देतो. पाण्यातला चुना आपल्याकडे ठेवून घेतो आणि त्याच्या जागी मिठातला सोडियम पाण्यात सोडतो. चुना गेला म्हणून तोट्या गच्च होत नाहीत आणि साबणाला फेस येतो. आणि डाळ म्हणून तर शिजते. डाळ शिजत नसली की आपण चिमूटभर खायचा सोडा टाकतो ना, त्यातही तोच सोडियम. तू रोज सकाळी हंसराजाला सोडा टाकल्यासारखं पाणी घालत होतीस. आपल्या सासवांच्या आणि आयांच्या काळी विहीर होती, हापसा होता, तेव्हा डाळ खोटं बोलत नव्हती. हे निळं टाकं आलं आणि तिची साक्ष फिरली, आणि आपल्या दोघींच्या लक्षात आलं नाही. तुझ्या हाताचा यात काही संबंध नव्हता. काडीचा नव्हता.

एवढंच सांगायचं होतं. भिंतीशी जायचं, चंदा म्हणून हाक मारायची आणि म्हणायचं, तुझा हात चांगला आहे, पाणी वाईट आहे. एक वाक्य.

मी सांगितलं नाही. का, ते ऐक. मला आनंद झाला होता. इतकी वर्षं हात की पाणी, हात की पाणी, आणि आता माझ्या हाती पक्का पुरावा होता. मला तो असाच भिंतीवरून द्यायचा नव्हता. मला वाटलं, दर वेळी मीच आधी जाते. या वेळी तिला येऊ दे. ती येईल, म्हणेल, विजू, तूच सांग काय झालं ते, आणि मग मी सावकाश सांगेन. मी त्याची तयारीही केली होती. दोन पेले, एकात तुझ्या नळाचं पाणी, एकात आरओचं, दोन्ही आटवून तळाशी काय उरतं ते दाखवायचं. पेले घासून ओट्यावर मांडून ठेवले होते मी.

तू आली नाहीस. पहिला दिवस, दुसरा दिवस. मला तुझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. सकाळी कुंड्यांपाशी पाणी घातल्याचा आवाज यायचा, मी ओळखायचे, आधी हंसराज, मग कॅलेथिया. मी मनात म्हणायचे, घाल, घाल अजून सोडा. इतकी मी दुष्ट नाही चंदा, पण त्या दिवसांत होते. पाचव्या दिवशी आमचे घरचे म्हणाले, जाऊन बोल ना. मी म्हटलं, तिला गरज नाही वाटतं. आठव्या दिवशी मी दारापर्यंत गेले होते, तुझं दार आतून बंद दिसलं, तू झोपली असशील म्हणून परत आले. एरवी मी तुझी झोप कधी पाहिली होती?

दहाव्या दिवशी सकाळी पाण्याचा आवाज आला नाही. मला आधी वाटलं, अखेर तिला समजलं.

त्यानंतरचं तुला माहीत नाही आणि मला सांगायचं नाही. दार उघडायला चार माणसं लागली, एवढंच.

तेरा दिवस घर भरलेलं होतं. कुंड्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी रोज तुझ्याच मशीनचं गोड पाणी घेऊन दोन्ही कुंड्यांत इतकं ओतत होते की खालून वाहून जावं, म्हणजे साठलेलं मीठ धुऊन निघेल. लोकांना वाटलं, बाईचं दुःख आहे, झाडांची सेवा करते आहे. कॅलेथिया बहुतेक गेली. हंसराजाच्या बुडाशी काहीतरी हिरवं दिसतंय, पण तो कोंब आहे की शेवाळ आहे, ते माझ्या चष्म्यातून कळत नाही. तुला बोटानं चाचपून कळलं असतं. पाहा, मीच आता हाताची गोष्ट करायला लागले.

आणि काल, सगळे गेल्यावर, सविता मागच्या दारात आली. रडून रडून चेहरा सुजलेला. म्हणाली, हंसराज नागपूरला नेते, आईचं तेवढंच नेते. मग विचारलं, "मावशी, याले कोणतं पाणी घालू?"

मी सांगितलं. नळाचं नको. कांडीच्या फिल्टरचं नळाइतकंच, ते नको. सॉफ्टनरचं तर अजिबात नको. आरओचं गोड पाणी घाल, फेकायच्या नळीचं नको. पावसाळ्यात छतावरचं पाणी धरता आलं तर सगळ्यात उत्तम. कारणंही सांगितली. डाळ, मीठ, सोडा, सगळं. नऊ दिवस घोकलेलं होतं, एकही शब्द अडला नाही. शेवटी म्हणाले, तुझ्या आईचा हात चांगला होता, सविता. तिला शेवटी वाटत होतं की हात गेला. तो गेला नव्हता. आणि हे मला ती जायच्या नऊ दिवस आधी कळलं होतं, आणि मी तिला सांगितलं नाही.

मला वाटलं, पोरगी आता मला दोन शब्द सुनावील. सुनावले असते तर बरं झालं असतं. ती कुंडीजवळ पायरीवर बसली. म्हणाली, "आई फोनवर सांगे. मी म्हटलं, आई, पाणी बदलून पाह्य ना, मशीनचं घाल चार दिवस. तं म्हणे, नाई. विजू कारण शोधून राह्यली. मी मधात पाणी बदललं तं तिले कसं समजन कायनं झालं ते. ती आली का मंग बदलू."

मी तिला विचारलं, हे कधी म्हणाली. म्हणाली, रोजच म्हणायची.

चंदा, तुला काय म्हणावं गं. घरात मशीन होतं. झाडं डोळ्यांसमोर जळत होती. हात गेला असं वाटून तुझं काळीज तुटत होतं. आणि तू रोज सकाळी उठून तेच पाणी घालत राहिलीस, कारण मी शोधते आहे. मी काही शोधत नव्हते. मला सापडलं होतं. मी भिंतीच्या अलीकडे बसले होते, तू हरून यायची वाट पाहत.